तेल बंद नको, तेलाचे माप हवे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत वजन कमी करण्याविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. लेखातील चालण्याविषयीचा आणि झोपेविषयीचा भाग चांगला उतरला आहे. परंतु पहिले तीन महिने तेल, तूप, दाणे आणि खोबरे पूर्णपणे वर्ज्य करावे, असा जो सल्ला चौकटीत ठळक अक्षरांत छापला गेला, त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण चार वर्षांपूर्वी मी स्वतः नेमके हेच केले होते आणि त्याचा शेवट शस्त्रक्रियेच्या टेबलावर झाला होता.

मी कनिष्ठ महाविद्यालयात बत्तीस वर्षे गृहविज्ञान शिकवले. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून ९ कॅलरी आणि एक ग्रॅम कर्बोदकापासून किंवा प्रथिनापासून ४ कॅलरी मिळतात, हे मी दर जूनमध्ये फळ्यावर लिहीत आले. निवृत्तीनंतर वजन ७८ किलोवर गेले, गुडघे बोलू लागले, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा फळ्यावरच्या त्या धड्यातले फक्त पहिले वाक्य मला आठवले. नऊ कॅलरीवाली वस्तूच काढून टाकली की काम फत्ते, असे मी ठरवले. भाजी पाण्यात शिजवायची, आमटीला फोडणी नाही, दूध दोनदा तापवून साय काढलेले, चटणीत दाण्याचे कूट नाही, संध्याकाळी कोरडे मुरमुरे. पहिल्या महिन्यात सहा किलो आणि तिसऱ्या महिन्याअखेर तेरा किलो वजन उतरले. शेजारपाजारच्या बायका कृती विचारायला येऊ लागल्या, आणि मीही ती मोठ्या तोऱ्याने सांगत असे, हे कबूल करायला हवे.

त्यानंतर एका मुंजीच्या जेवणात दोन भजी आणि जिलेबीची दोन कडी खाल्ली. रात्री अकराच्या सुमारास उजव्या बरगडीखाली जी कळ उठली, ती पाठीमागून खांद्याच्या फऱ्यापर्यंत गेली आणि पहाटेपर्यंत उतरली नाही. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या कारणाने केलेल्या सोनोग्राफीत पित्ताशय स्वच्छ होते, तो कागद माझ्याकडे होता. शल्यचिकित्सकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि भज्यांबद्दल एक अक्षर न विचारता, गेल्या तीन महिन्यांत जेवणात तेल किती होते, एवढेच विचारले. मी मोठ्या अभिमानाने ‘अजिबात नाही’ असे सांगितले, तेव्हा त्यांनी मान हलवली, ती कौतुकाने नव्हे.

त्यांनी नंतर जे समजावून सांगितले, ते मला खरे तर आधीच ठाऊक असायला हवे होते. यकृत पित्तरस दिवसभर तयार करीत असते आणि दोन जेवणांच्या मधल्या काळात तो पित्ताशयात साठून घट्ट होत राहतो. जेवणातील स्निग्धांश लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोहोचला की तेथून कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक सुटते, त्याच्या इशाऱ्यावर पित्ताशय आकुंचन पावते आणि साठलेला रस बाहेर पडतो. जेवणात स्निग्धांश जवळजवळ नसेल, तर हा इशाराच पुरेसा मिळत नाही आणि रस जागेवरच पडून राहतो. त्याच सुमारास वजन झपाट्याने उतरत असेल, तर शरीरातील साठलेल्या चरबीबरोबर तिच्यातले कोलेस्टेरॉलही मोकळे होऊन पित्तरसात उतरते. एकीकडे कोलेस्टेरॉलने गच्च झालेला रस आणि दुसरीकडे रिकामे न होणारे पित्ताशय, अशा अवस्थेत स्फटिक धरू लागतात आणि त्यांचे खडे होतात. आठवड्याला दीड किलोपेक्षा अधिक वेगाने वजन उतरविणाऱ्यांत हा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्रात जुनेच ज्ञान आहे. म्हणूनच अतिशय कमी कॅलरीच्या आहारावर ठेवलेल्या रुग्णांना काही वेळा खडे होऊ नयेत यासाठी औषधही दिले जाते. साठी ओलांडलेली, वजन जास्त असलेली स्त्री म्हणून मला हा धोका एरवीही होताच, त्यामुळे सगळे खापर मी बिनतेलाच्या भाजीवर फोडत नाही. परंतु बारीक होण्याच्या घाईने त्या धोक्याला मी स्वतःहून आमंत्रण दिले, हे मात्र खरे.

आता तेलाच्या बाजूने बोलताना त्याच्याविरुद्धचा मुद्दा लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वजन कमी करायचे तर जेवढे खर्च होते त्यापेक्षा कमी खावे लागते, आणि आपल्या स्वयंपाकघरात ही तूट पाडण्याची सर्वांत सोपी जागा तेलाची बाटली हीच आहे. पळीभर तेल कढईत ओतताना हाताला काही वजन जाणवत नाही. मी एकदा माझी फोडणीची पळी वजनकाट्यावर धरली, तेव्हा तीत २२ ग्रॅम तेल मावते असे दिसले, म्हणजे जवळपास २०० कॅलरी. साधारण दोन पोळ्यांएवढी ऊर्जा मोहरी तडतडण्याआधीच कढईत पडलेली असते. रोज २० ग्रॅम तेल कमी केले तर १८० कॅलरी वाचतात, महिन्याला ५,४०० वाचतात, आणि एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात असे धरले तर कागदावर महिन्याला ७०० ग्रॅम चरबी उतरते. प्रत्यक्षात ती त्यापेक्षा कमी उतरते, कारण वजन घटत जाते तसा शरीराचा खर्चही घटतो. तरीही भाकरी आणि भाजी न कमी करता एवढे साधत असेल, तर ते सोडून देण्याजोगे नाही. पळी कमी करण्याला माझा विरोध नाही. बाटलीच माळ्यावर टाकण्याला आहे.

स्निग्ध पदार्थ जितके कमी खावेत तितके वजन अधिक उतरते, ही समजूत मोठ्या चाचण्यांमध्ये टिकलेली नाही. अमेरिकेत ८११ जाडसर प्रौढांवर दोन वर्षे चाललेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही गटांना २० टक्के ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून दिली होती, तर काहींना ४० टक्के. एकूण कॅलरी सर्वांच्याच कमी केल्या होत्या. दोन वर्षांनंतर उतरलेल्या वजनात दोन्हींमध्ये म्हणण्यासारखा फरक नव्हता. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ६०९ जणांवरच्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी स्निग्धांश घेणाऱ्यांचे वजन वर्षभरात सरासरी ५.३ किलो, तर कमी कर्बोदके घेणाऱ्यांचे ६ किलो उतरले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य ठरला. या दोन्ही अभ्यासांत सरासरीच्या आड माणसामाणसांतला फरक मात्र प्रचंड होता. जो आहार ज्याला निभावता आला, त्याचे वजन उतरले. बिनतेलाची भाजी किती दिवस निभावते, याचा अनुभव मी वर सांगितलाच आहे.

मग तेल-तूप खावे तरी किती, हा खरा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी एकूण ऊर्जेच्या ३० टक्के किंवा त्याहून कमी ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून घ्यावी आणि त्यातही संपृक्त (सॅच्युरेटेड) स्निग्धांश १० टक्क्यांच्या आत ठेवावा. ही झाली वरची मर्यादा, आणि तीच सगळीकडे छापली जाते. खालची मर्यादाही आहे, ती फारशी कोणी छापत नाही. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात प्रौढांसाठी किमान १५ टक्के, तर मूल होण्याच्या वयातील स्त्रियांसाठी किमान २० टक्के ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून यावी, असे सांगितले आहे. शरीर स्वतः तयार करू शकत नाही अशी लिनोलिक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन मेदाम्ले अन्नातूनच यावी लागतात, आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशाशिवाय नीट शोषली जात नाहीत, हे त्यामागचे कारण. जिम लावलेल्या, लग्नाआधी दोन महिन्यांत बारीक व्हायचे म्हणून उकडलेल्या काकड्या-गाजरांवर राहणाऱ्या पंचविशीतल्या मुलींना ही २० टक्क्यांची ओळ कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवली पाहिजे.

टक्केवारीने स्वयंपाक होत नाही, म्हणून हा हिशेब ग्रॅममध्ये मांडते. माझ्यासारखी स्त्री वजन उतरविण्यासाठी दिवसाला १,५०० कॅलरीवर राहत असेल, तर २० टक्के म्हणजे ३३ ग्रॅम आणि ३० टक्के म्हणजे ५० ग्रॅम स्निग्धांश. मी मधला ४५ ग्रॅमचा आकडा धरते. यातले सगळे बाटलीतून घ्यायचे नसते, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. दोन भाकऱ्या आणि एखादी पोळी यांतून तीनएक ग्रॅम येतात, डाळी-उसळीतून दोन. चहा, ताक, दही धरून ३०० मिलिलिटर गाईचे दूध पोटात जात असेल तर त्यातून १२ ग्रॅम. दाण्याचे कूट, तीळ, कारळे किंवा जवस यांच्या चटण्या मिळून २० ग्रॅम दाणे-बिया होत असतील तर त्यातून नऊ ग्रॅम. म्हणजे तेलाच्या बाटलीला हात न लावता २६ ग्रॅम आलेच. उरले १९ ग्रॅम, म्हणजे चहाचे चार सपाट चमचे. त्यातला एक तुपाचा, तीन तेलाचे. माझ्यापुरते तरी या सगळ्या वादाचे उत्तर एवढेच आहे.

मात्र याच हिशेबात गाईच्या दुधाऐवजी म्हशीचे दूध घातले की चित्र पालटते. म्हशीच्या दुधात साधारण ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे त्याच ३०० मिलिलिटरमधून १२ ऐवजी सुमारे २० ग्रॅम येतात आणि तेलासाठी चार चमच्यांऐवजी दोनच उरतात. तेल मोजून वापरणाऱ्या आणि तरीही काटा न हलणाऱ्या घरांत मी सर्वांत आधी दुधाची पिशवी पाहते. फुल क्रीम दुधात ६ टक्के, टोन्ड दुधात ३ टक्के आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्का स्निग्धांश असतो, आणि तो पिशवीवर छापलेला असतो. आपण मात्र पिशवीचा रंग पाहून दूध घेतो.

उपवासाचीही तीच कथा. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण करणारा माणूस पोषणशास्त्र शिकलेला नसावा, पण साबुदाण्याची खिचडी त्याने नक्की खाल्लेली असावी. एका बशीत तीस ग्रॅम दाण्याचे कूट आणि दीड चमचा तूप धरले, तरी वीस ग्रॅम स्निग्धांश एका बैठकीत होतो, आणि त्या खिचडीत तेलाचा एक थेंबही नसतो. शेंगदाण्यात चाळीस टक्क्यांहून अधिक आणि सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक स्निग्धांश असतो. आमच्या सोलापूरकडची शेंगाचटणी उखळात कुटताना स्वतःचेच तेल सोडते, मग तिच्यावर वरून तेल घेण्याचे कारण चवीपलीकडे काही नाही. माझे यजमान तरीही घेतात. सणासुदीच्या पुऱ्यांचा हिशेब मी गेल्या पाडव्याला काढला: कढई तेलासकट आधी तोलली आणि तळून झाल्यावर पुन्हा तोलली, तर चोवीस पुऱ्यांनी ९२ ग्रॅम तेल पिऊन घेतले होते, म्हणजे पुरीमागे जवळपास चार ग्रॅम. पाच पुऱ्यांत दिवसाचे चारही चमचे संपले. मी त्या दिवशी तीन खाल्ल्या आणि रात्री ताक-भात जेवले.

कोणते तेल, यावर आपल्याकडे प्रमाणाबाहेर चर्चा होते आणि किती तेल, यावर फारच थोडी. लाकडी घाण्याचे असो की कारखान्यात शुद्ध केलेले, एका ग्रॅममध्ये कॅलरी नऊच. घाण्याच्या तेलाला वास चांगला असतो आणि वास असलेले तेल थोडे पुरते, एवढाच त्याचा वजनाशी संबंध लावता येईल. करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असते, पण अल्फा-लिनोलेनिक जवळजवळ नसते. ते जवसात भरपूर, आणि मोहरी व सोयाबीनच्या तेलातही बऱ्यापैकी मिळते, म्हणून जवसाची चटणी ताटात असावी. मासे खाणाऱ्यांनी बांगडा आणि तारली यांना ताटात जागा द्यावी, तळून नव्हे, कालवणातून. तूप चमचाभर जरूर घ्यावे, पण त्यातला साठ टक्क्यांहून अधिक भाग संपृक्त असतो. १,५०० कॅलरीच्या आहारात संपृक्त स्निग्धांशाची मर्यादा १६ ग्रॅम येते आणि त्यातली निम्मी दुधातच संपते. दोन चमचे तुपाला जागा होते, चारांना होत नाही.

कोशिंबिरीवरच्या फोडणीबद्दल मात्र थोडे थांबून लिहायला हवे. अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये एक छोटा पण बोलका प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना कच्च्या भाज्यांची कोशिंबीर वेगवेगळ्या वेळी बिनतेलाच्या, कमी तेलाच्या आणि पूर्ण तेलाच्या ड्रेसिंगबरोबर खायला दिली आणि नंतर त्यांच्या रक्तातील कॅरोटिनवर्गीय द्रव्ये मोजली. बिनतेलाच्या वेळी ती रक्तात जवळजवळ उतरलीच नाहीत. गाजर-टोमॅटोमधील ज्या द्रव्यांपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, त्यांतली ही द्रव्ये. माझ्या आईने हा प्रयोग वाचला नव्हता, पण गाजराच्या कोशिंबिरीवर हिंग-मोहरीची चमचाभर फोडणी चर्रकन ओतल्याखेरीज ती पानात वाढत नसे. मी ते तीन महिने रोज दोन वाट्या गाजर खात होते आणि तिची ती एक चमचा फोडणी तेवढी वगळत होते.

याच्या उलट टोकालाही सध्या गर्दी आहे. सकाळी कॉफीत तूप घालून पिणारे आणि तीन-चतुर्थांश ऊर्जा स्निग्ध पदार्थांतून घेणारे लोक माझ्या माहितीत आहेत. हा कीटोजेनिक आहार मुळात १९२१ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला गेला. त्यावर वजन उतरते, कारण भात, पोळी आणि साखर सगळेच सुटते; परंतु भाकरी-पोळीच्या घरात तो फार काळ चालत नाही आणि सोडल्यावर वजन परतते, असे मी तरी पाहिले आहे. बिनतेलाचा आहारही असाच एका वेगळ्या कारणासाठी जन्मला. अमेरिकेत १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. डीन ऑर्निश यांच्या हृदयरुग्णांवरील अभ्यासात अवघी १० टक्के ऊर्जा स्निग्धांशातून येणारा शाकाहारी आहार होता. पण त्याबरोबर धूम्रपान बंद, नियमित व्यायाम, ताणतणावाचे नियोजन आणि गटाचा आधार हेही होते. आपल्याकडे त्यातले फक्त ‘तेल बंद’ तेवढे उचलले गेले.

त्यातही एक गोष्ट आपल्या ताटाबद्दल विसरली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी मधुमेह सर्वेक्षणानुसार आपल्या आहारातील ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के. अशा ताटातून तेल पुरते काढले की रिकामी झालेली जागा डाळ किंवा अंडे भरून काढत नाही. ती मुरमुरे, पोहे, खाकरे आणि ‘तेलविरहित’ म्हणून विकली जाणारी बिस्किटे भरून काढतात. माझेही तेच झाले. साडेपाच वाजता मुरमुऱ्यांचा डबा उघडायचा आणि सहा वाजता तो अर्धा रिकामा झालेला असायचा, तरी भूक जागेवर.

पंतप्रधानांनी २३ फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये आणि पुढे १५ ऑगस्टच्या भाषणात तेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. हेतू स्वागतार्ह आहे. देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, हे लक्षात घेता ते आवाहन तिजोरीच्याही फायद्याचे आहे. परंतु १० टक्के कशाचे, हे घराघरात वेगळे असते. चार माणसांच्या ज्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा संपतो, तिथे माणशी रोज ३८ ग्रॅम तेल पडते. १० टक्के कमी केले तरी ते ३४ ग्रॅमच उरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठे काम करणाऱ्या पुरुषासाठी २५ आणि स्त्रीसाठी २० ग्रॅम दृश्य, म्हणजे स्वयंपाकात वरून घातलेले, तेल-तूप पुरेसे मानले आहे. त्या घराला एक-तृतीयांशाहून अधिक कपात करावी लागेल. उलट ज्या घरात चौघांत दोन लिटर येते, तिथे माणशी १५ ग्रॅमच पडतात. त्यांना कपातीचा उपदेश कशासाठी? त्याच संस्थेने कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषासाठी ४० आणि स्त्रीसाठी ३० ग्रॅम सांगितले आहेत. आमच्या भागातून दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या बायका पहाटे चारला भाकऱ्या बडवून फडात उतरतात. त्यांच्या कालवणातल्या तेलावर कोणी बोट ठेवू नये.

आमच्या घरी आम्ही दोघेच. पूर्वी महिन्याला अडीच लिटर तेल लागत असे, म्हणजे तेच माणशी ३८ ग्रॅम. आता दर रविवारी सकाळी ३०० मिलिलिटर तेल एका काचेच्या बाटलीत काढून ठेवते आणि पुढच्या रविवारपर्यंत डब्याला हात लावत नाही. त्यात माझे रोजचे पंधरा ग्रॅम आणि यजमानांचे चोवीस ग्रॅम येतात. भाजी-आमटी मी माझ्या मापाने करते आणि ते त्यांचे वरचे तेल भाकरीवर चटणीबरोबर कच्चे घेतात. पाहुणे आले की बाटली गुरुवारीच संपते, आणि मग शुक्रवार-शनिवार पिठले टाळून आम्ही वरण-भात, ताकाची कढी आणि भाजलेली वांगी यांवर काढतो. शस्त्रक्रियेनंतर पाच किलो परत आले होते. ते आठवड्याला पाव ते अर्धा किलो या संथ चालीने उतरवले. गेली दोन वर्षे काटा ६५ आणि ६६ च्या मध्ये आहे. आता कृती विचारायला कोणी येत नाही.

एक खुलासा आवश्यक आहे. ज्यांच्या पित्ताशयात आधीच खडे आहेत, ज्यांना स्वादुपिंडाचा दाह होऊन गेला आहे किंवा ज्यांच्या रक्तातील ट्रायग्लिसराइड फार वाढलेले आहेत, त्यांना डॉक्टर तेल अगदी कमी करायला सांगतात. तो उपचार आहे आणि तो डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच करावा; माझे चार चमचे त्यांच्यासाठी नाहीत.

आपणास एक विनंती आहे. त्या लेखावर दुरुस्ती छापावी की नाही, हा आपला अधिकार. परंतु आपल्या पुरवणीत दर आठवड्याला जी पाककृती येते, तिच्यात मीठ, तिखट, गूळ, चिंच हे सारे चमच्यांत आणि वाट्यांत दिलेले असते. तेलापुढे मात्र नेहमी ‘आवश्यकतेनुसार’ किंवा ‘फोडणीपुरते’ असते. गेल्या महिन्यातील भरल्या वांग्यांची कृती मी छापल्याप्रमाणे करून पाहिली. चौघांच्या भाजीला ‘आवश्यकतेनुसार’ म्हणून माझ्या जुन्या सवयीच्या हाताने जे तेल ओतले गेले, ते काट्यावर ६८ ग्रॅम भरले, आणि मसाल्यातले दाणे-खोबरे निराळेच. दुसऱ्या वेळी तीच भाजी चार चमचे तेलात, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर केली. रस्सा थोडा अंगाबरोबर झाला, पण वांगी मऊ शिजली आणि कोणी काही बोलले नाही. यापुढील प्रत्येक कृतीत तेलाचे माप चमच्यांत आणि किती माणसांसाठी तेही छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, बार्शी (जि. सोलापूर)